गोधडीबाईची नजर

वाचकहो, सावरून बसा, बातमी गंभीर आहे. एकोणीसशे ऐंशीनंतरची काही वर्षं पांढुर्ण्यातल्या घराघरांच्या पोटाची खबर सरकारला रोज पोचत होती, आणि ती पोचवणारी हेर निळ्या काठाचं पांढरं पातळ नेसून, मोडकी छत्री काखेत मारून आमच्या गल्लीतून दिवसाढवळ्या हिंडत होती.

सरकारी कागदावर ती आरोग्य खात्याची नर्स. गावासाठी गोधडीबाई. दारात आली की माणसांच्या तोंडाकडे पाहायची नाही. मान वर करून कपडे वाळत घालायच्या दोऱ्या पाहायची. पावसाळ्यात सकाळी सकाळी धुतलेली गोधडी दोरीवर दिसली, म्हणजे त्या घरात रात्री कोणाला तरी हगवण लागली, हे तिचं साधं गणित. "तोंडाले विचारलं तं सारेच मजेत असतात," ती म्हणायची. "गोधडीले कोणी पढवून ठेवत नाही." एका गल्लीत तीन गोधड्या दिसल्या की वहीत तीन रेघा, दवाखान्यात निरोप, आणि दुपारपर्यंत विहिरीत ब्लीचिंग पावडर. मग आठ दिवस आमच्या चहाला त्या पावडरीचा वास.

शेजारचे मास्तर एकदा काकुळतीला आले. "बाई, देवाशप्पत, गोधडीत मांजर व्याली हो!"

"पिल्लं दाखवा."

मास्तर टोपलं घेऊन आले. बाईने चष्मा लावून पिल्लं मोजली. "चार हायेत. जा, सुटले तुम्ही."

हसून घ्या. पण बाई ज्या घरी थांबली त्या घरचं दूध कोणी घेत नसे, त्या घरी कोणी पाण्याचा पेला तोंडाला लावत नसे, आणि घरात लग्नाची मुलगी असली तर पाहुणे वेशीवरूनच परतत. म्हणून बाया गोधड्या घरात, माळ्यावर वाळवायला लागल्या. बाईला तेही कळलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, तिच्या वहीत रकाने आखून द्यायचे, आणि माझ्यावर तिचा भारी जीव. तिने मला आपली विद्या देऊन टाकली. "उघाड पडली, साऱ्या दोऱ्या भरल्या, अन् एकच रिकामी दिसली, तं आधी तिथं जायचं. लपवणाऱ्याचंच घर असं साफ दिसते."

त्या श्रावणात सौसरचे पाहुणे मला पाहायला यायचे होते. ते यायच्या आदल्या दिवशी, पहाटेच आईला हगवण लागली. तिने दोन्ही गोधड्या धुऊन माळ्यावर पसरल्या.

"माय, बाईले बलावू का?"

"पागल झाली का वं? उद्या पाहुणे येऊन राहिले. ते गेले का मंग बलाव तुह्या बाईले."

दिवस उजाडला तो लख्ख. गल्लीभर लुगडी फडफडत होती आणि आमच्या दोरीवर फक्त एक चिमणी बसली होती. बाई फाटकाशी आली तेव्हा कुठे माझी चूक माझ्या ध्यानात आली. मी नाटकातल्या नायिकेसारखी हसले. "सारे मजेत आहो, बाई!"

बाई त्या दिवशी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग माझ्या नव्या बांगड्यांकडे.

"पाहुणे कवा येऊन राहिले?"

"उद्या."

"घरात मीठ-साखर हाय नं? पाण्यात टाकून पीत जा सारे जण. दिवस खराब हायेत."

"हो, बाई."

"बरं." आणि ती पुढच्या घरी गेली.

मी आत जाऊन आईला टाळी दिली. गोधडीबाईला फसवणारी अख्ख्या गावात मी पहिलीच! मीठ-साखरेचं मी विसरूनच गेले. पोहे, सुपारी, माझी साडी, कामं काय थोडी होती?

पाहुण्यांनी मला पसंत केलं. आई भिंत धरत धरत त्यांना पोचवायला दारापर्यंत आली, त्यांची जीप वळली तशी उंबऱ्यावर बसली, आणि तिला पुन्हा उठता आलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर कातडीची घडी तशीच उभी राहिली; अंगातलं पाणी आटलं होतं. दिवेलागणीला आई गेली.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायांनी, कोणी काही न सांगता, माळ्यांवरच्या गोधड्या काढून दोऱ्यांवर टाकल्या. बाई दारोदार फिरली. त्यातलं कोणी दगावलं नाही. आमच्या घरी मात्र तिने पुन्हा पाय ठेवला नाही. माझं खोटं तिला कळलं आणि मी तिच्या मनातून उतरले, असं मी धरून चालले.

दिवाळीनंतर तिची बोरगावला बदली झाली. मी माफी पाठ करून बसस्टँडवर गेले. बाई बसच्या दाराशी, पेटीवर बसून होती. पाठ केलेलं सगळं विसरून मी एवढंच म्हणू शकले, "बाई, त्या दिवशी गोधड्या माळ्यावर होत्या. मी तुम्हाले फसवलं, अन् माय गेली."

बाई उठली. तिच्या काखेतली छत्री खाली पडली. आणि अख्खी बस खिडक्यांतून डोकी काढून पाहायला लागली, एवढ्या मोठ्यानं ती ओरडली,

"तू काय फसवशीन वं मले! रिकामी दोरी दिसली होती मले! तुह्यं लगन मोडू नये म्हून मी पुढं गेली!"