क्लिपला नाव देणारी

गार्चिंगहून म्युनिकला जाताना उ-बान मेट्रोमध्ये एक मराठी बाई रोज समोर बसायची, मांडीवर लॅपटॉप घेऊन. याच गाडीतल्या प्रवाशांवर फिल्म करत होती. एडिटिंगआधी प्रत्येक क्लिपला नाव द्यायची: ‘आजी हातमोजा शोधतात’, ‘कुत्रा दारातच अडला’. नाव टाइप केलं की ओठ हलवत स्वतःशीच वाचायची.

“कॅमेऱ्याने दिलेले नंबर चालत नाहीत का?” मी एकदा विचारलं.

“चालतात की. पण नंबर डिलीट करताना हात थांबत नाही हो.”

फिल्म पूर्ण झाली त्या दिवशी तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. क्लिपमध्ये खिडकीला डोकं टेकून मी पेंगत होतो. खाली नाव: ‘काकांचं स्टेशन चुकणार’.

मी दचकलो.

“घाबरू नका, फिल्ममध्ये नाही घेतली,” ती म्हणाली. “पण डिलीटही करवली नाही.”