मागची सीट

गाडीच्या विम्यासाठी कोणी दारात आलं की चाचा कागदाला हात लावत नसत. गाडीचं मागचं दार उघडून आत जाऊन बसत, सीटवरून तळवा फिरवत आणि विचारत, "पहिले सांगा, मागं कोन बसते?"

वडशाला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. मूळ धंदा गाड्यांचे सीट कव्हर शिवायचा, विम्याची एजन्सी नंतरची. एका भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे, दुसरीला फायली, मधे शिलाई मशीन. कोण कशासाठी आलंय ते चाचांना आपोआप कळे.

मी झाडीपट्टीच्या नाटकात नायिकेची कामं करते. त्या वर्षी कर्ज काढून मी सेकंडहँड गाडी घेतली. स्वतःची, स्वतः चालवायची. आमच्या नायकाकडेसुद्धा तेव्हा मोटारसायकलच होती, तेव्हा माझी ऐट काय असेल ते तुम्हीच ठरवा! जुन्या मालकाचा विमा संपत आला होता. बँकेनं बजावलं होतं की कर्ज फिटेपर्यंत नुसता थर्ड पार्टी चालणार नाही, पूर्ण विमा हवा. दोन-तीन ठिकाणी भाव विचारून मी चाचांकडे गेले.

चाचा मागे बसले. सीटच्या सांध्यात बोट घालून त्यांनी माझ्या साडीवर होती तशीच एक हिरवी चमकी काढली, मग एक लाल.

"बाई, हिरवी तुमची. लाल कोनाची?"

"आमच्या नाटक कंपनीतल्या बायांची असेल. त्यांना प्रयोगाच्या गावी नेते मी."

"फुकट?"

मी मान हलवून नाही म्हटलं. माणशी भाडं घेत होते मी. बँकेचा हप्ता त्यातूनच निघायचा होता.

"मंग नंबरची पाटी पिवळी करा," चाचा म्हणाले. "भाड्याची गाडी म्हनून विमा काढू. घरची गाडी लिहून मी नाई देत."

"काऊन? बाकीचे तर देऊन राह्यले!"

"देऊन राह्यले ना. पर गाडी ठोकली की विमा कंपनी पहिले हेच विचारते. मंग क्लेम नाई भेटत. गाडी जाते, हप्ता राह्यते. अन् मागं बसलेल्यायचं काय?"

मला संताप आला. खर्च वाढणार होताच, पण खरं दुखणं वेगळं होतं. नायिका उतरणार ती पिवळ्या पाटीच्या गाडीतून? "तुम्ही सीटा शिवा, चाचा. विम्याचं मी पाहते," असं फटकन बोलून मी निघाले. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. चाचा मात्र, "हौ, फिरून पाहा ना बाई," म्हणाले आणि दोन्ही चमक्या माझ्या हातावर ठेवल्या.

दुसऱ्या एजंटानं मोबाईलवर गाडीचा नंबर टाकला आणि सगळ्यांत स्वस्त आकडा दाखवला. बाहेर उभ्या गाडीकडे त्यानं मान वळवूनही पाहिलं नाही. मी खूश! उद्या पैसे भरते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रात्रभराच्या प्रयोगाहून परतत होतो. चांगलं ऊन पडलं होतं. आरशात पाहिलं तर मागे तिघी झोपलेल्या. आईची कामं करणारी आमची मोठी बाई मधे, तोंड उघडं, अर्धा रंग तसाच चेहऱ्यावर. बाकी दोघींची डोकी तिच्या खांद्यांवर. मी चालवते आहे म्हणून त्या इतक्या निर्धास्त होत्या, आणि मी त्यांना कागदावर घरची माणसं करून मोकळी होणार होते. गाडी एजंटाकडे न नेता मी चाचांच्या दुकानासमोर उभी केली.

चाचांनी सवयीनं मागचं दार उघडलं. बसायला जागाच नव्हती. तिघींकडे पाहून त्यांनी दार अलगद लावलं आणि हळूच म्हणाले, "समजलं कोन बसते ते. चाय घेता?"

पाटी बदलेपर्यंत कोणाकडून भाडं घ्यायचं नाही, अशी त्यांनी अटच घातली. मग बँकेचं पत्र, आरटीओच्या चकरा, सगळीकडे चाचा बरोबर. गावात मला टॅक्सीवाली म्हणू लागले. म्हणोत!

पुढच्या हिवाळ्यात प्रयोगाला जाताना सावली गावाच्या अलीकडे भरदुपारी धानाच्या बांधीतून रानडुक्कर आडवं आलं. त्याला धडकून गाडी रस्त्याखाली उतरली आणि समोरून पार चेपली. माणसं वाचली. मोठ्या बाईच्या कपाळाला टेंगूळ आलं, तेवढं पदराखाली झाकून तिनं त्या दिवशीही प्रयोग केला.

पाहणीला आलेल्या विमा कंपनीच्या साहेबांनी चाचांच्या दुकानातच मला विचारलं, "मागे कोण होतं? भाडं घेतलं होतं का?"

"हो, घेतलं होतं. माणशी," मी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मशीनवर वाकलेले चाचा गालात हसले. क्लेम मंजूर झाला. गाडी दुरुस्त झाली, माझा हंगाम वाचला.

यंदा पावसाळ्यात चाचा गेले. दुकानाला कुलूप आहे. त्या रस्त्यानं जाताना माझी गाडी अजूनही तिथे हळू होते.

परवा आमच्या कंपनीतली नवी मुलगी कर्जावर घेतलेली गाडी घेऊन दारात आली. हातात मोबाईल, त्यावर विम्याचे दोन आकडे. "ताई, यातला कोनता घेऊ? हा स्वस्त हाये."

मी मोबाईल पाहिला नाही. मागचं दार उघडून आत बसले, सीटवर तळवा ठेवला.

"पहिले सांग," मी म्हटलं, "मागं कोन बसते?"