पहलवानाचं नाव आणि देवकीचं लुगडं

सक्करदऱ्याचे नत्थूजी पहलवान अठरा वर्षं एकही दंगल हरले नव्हते. बाजारात त्यांचं नाव कलदार रुपयासारखं चालायचं. इतवारीतला कापडवाला ताराचंद त्यांना गादीवर बसवायचा, त्यांना बघायला गर्दी जमायची, आणि जाताना तो त्यांच्या बायकोसाठी, देवकीसाठी, लुगडं बांधून द्यायचा. पैसे घ्यायचा नाही. लोक याला भक्ती म्हणायचे. मी नत्थूजींचा शेजारी. मला विचाराल तर तो शुद्ध धंदा होता. लुगडं द्यायचा तेही न खपलेलं, बहुधा किरमिजी.

फुकटच्या लुगड्याला नावं कशी ठेवणार? देवकीनं ती मुकाट्यानं नेसली. १९३१ च्या पावसाळ्यात तिला क्षय झाला आणि डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "एकदा मले दुकानात बसून, चार लुगडे उलगडून, भाव करून घेऊ द्या जी."

नत्थूजी तिला घेऊन गेले. तिनं मोरपंखी निवडलं, भाव विचारला. ताराचंदनं हात जोडले. "पहलवानाच्या घरून पैसे? सारी इतवारी मले हासन. न्या, बाई." देवकी लुगडं तिथंच ठेवून उठली. आणखी दोन दुकानांत तेच झालं.

दिवाळीनंतर कुहीला दंगल होती. समोर अनंत नावाचा विशीतला गडी. सहाव्या मिनिटाला नत्थूजींची पाठ मातीला लागली. आम्ही मोहल्ल्यातली माणसं मान खाली घालून परतलो. मी त्यांना चार शिव्याही हासडल्या. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या मंगळवारी मी ताराचंदकडे धोतर घेत होतो, तेव्हा ती दोघं आली. ताराचंद जागचा उठला नाही. मोरपंखी लुगड्याचे पाच रुपये म्हणाला. देवकी खुलली. खोकत खोकत तिनं तासभर घासाघीस केली, काठात खोट काढली, पावणेचारवर आणलं. नत्थूजींनी पैसे दिले. ताराचंदनं वर न बघता ते गल्ल्यात टाकले.

तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. रस्त्यावर येताच ती थांबली. मी मागेच होतो.

"तुमी मुद्दाम पडले ना जी?"

नत्थूजी तिच्या हातातल्या लुगड्याची घडी नीट करू लागले.

"मले सांगाचं होतं. मी लुगडं मांगतलंच नसतं."

"म्हणूनच नाई सांगतलं," ते म्हणाले, आणि भर बाजारात रडू लागले.