पोचट आवाज

आमच्या घरात "पोचट" हा शब्द दिवसातून कितीदा तरी कानावर यायचा. आमच्या यांनी उभी हयात राइस मिलमध्ये मशीनवर काढली. धानाचं पोतं उघडलं की मूठभर धान तळहातावर घ्यायचं आणि फुंकर मारायची. उडालं ते पोचट, राहिलं ते धान. पुढे ही फुंकर सगळ्या जगावर चालायला लागली. पुढाऱ्याचं भाषण पोचट, माझ्या बहिणीच्या नवऱ्याचे विनोद पोचट, मोहाडीच्या बाजारातले शेंगदाणे पोचट. एकदा मी विचारलं, "अन् मी?" तर म्हणाले, "तू तं चांगली भरली आहेस," आणि माझ्या कमरेकडे बघून हसले. काही लाज म्हणून नाही.

या माणसाला शौक एकच, गाणं. गायचं नाही, ऐकायचं. आमचं नुकतंच लग्न झालं होतं, घरात धड पलंग नव्हता, तेव्हा नागपूरला बदलून जाणाऱ्या एका साहेबांच्या सामानातून यांनी जुना अँप्लिफायर उचलून आणला. मी म्हटलं, पलंग आणायला गेले आणि डबा घेऊन आले! पण डबा होता देखणा. पुढचा पत्रा चांदीसारखा, वरून सागवानी कव्हर, दोन काचांमागे गाण्याबरोबर डोलणारे काटे. टेप, रेकॉर्ड, रेडिओ, सगळं त्या एकाच डब्याला जोडायचं आणि तो स्पीकर वाजवायचा. बास आणि ट्रेबलची जाडजूड बटणं होती. बास फिरवलं की तबल्याचा डग्गा घुमायचा, ट्रेबल फिरवलं की बारीक, टोकदार आवाज वर यायचे. स्पीकरचे खोके इथल्याच सुताराने केले. मिलमधून आले की आंघोळ, चहा आणि ही गाण्याची मशीन सुरू. बटणांना हात लावायची मला बंदी होती. मीही कधी लावला नाही, माझी बटणं स्वयंपाकघरात होती.

मिल सुटली, यांचे केस पांढरे झाले आणि मशीनही म्हातारी झाली. डावा स्पीकर मधेच मुका व्हायचा, टपली मारली की बोलायचा. त्याहून वाईट म्हणजे तिचा आवाज मला टोचायला लागला होता. बाईचं गाणं लागलं आणि त्यात "स" आला की माझ्या दाढेतून कळ जायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "किती किंचाळून राहिली तुमची मशीन!"

"हो, हो," ते म्हणायचे.

यांचं हे "हो, हो" म्हणजे मला माहेरी सिहोऱ्याला निघून जावंसं वाटावं असं होतं. तेल संपलं, हो हो. तुमच्या बहिणीचा फोन आला होता, हो हो. मग दोन दिवसांनी विचारणार, "ताईचा फोन काहून नाई आला?" मला वाटे, बायकोचं बोलणं म्हणजे यांना पंख्याचा आवाज. नवऱ्याची जात, दुसरं काय!

गेल्या दिवाळीत पुण्याहून मुलगा आला तो नवा अँप्लिफायर घेऊनच. काळा, चपटा, डोसा भाजायच्या तव्याएवढा. मोबाइलवरून गाणं थेट त्यात जातं, हातात रिमोट. जुनी मशीन दुरुस्तीला नागपूरला गेली होती, तिचे पार्ट मिळत नव्हते, म्हणून मुलाने हा खर्च केला. यांनी चष्मा लावून त्याला पुढून-मागून पाहिलं.

"याची ट्रेबलची बटन कुठं आहे?"

"नाहीये बाबा. आतून आवाज जसा आहे तसाच बाहेर येतो. शुद्ध. त्यात ढवळाढवळ करायची नसते."

गाणं लागलं आणि मी पोळी तव्यावर टाकून बाहेर आले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा ते गाणं ऐकलं असं मला वाटलं. तानपुरा वेगळा, गळा वेगळा. गाणाऱ्या बाईने श्वास घेतलेला कळला. दोन ओळींच्या मधे जी शांतता होती तीत जुन्या मशीनची घरघर नव्हती. कुठे टोचणं नाही, बोचणं नाही. माझे डोळे भरून आले, खरं सांगते. पोळी जळाली ती जळाली.

हे खुर्चीत बसून होते. गाणं संपलं तेव्हा तळहातावर फुंकर मारल्यासारखं केलं आणि म्हणाले, "पोचट."

मुलाचं तोंड एवढंसं झालं. मी यांच्यावर अशी उखडले की बस. पोरगं पोटाला चिमटा घेऊन आणते, आणि तुम्हाला त्याचं काही नाही! पण ते आपले एकच धरून बसले. "आवाज आहे, पन दाना नाई. नुसता भुसा. जुन्या मशीनीत जान होती." मुलाने बिचाऱ्याने स्पीकर हलवले, वायरी बदलल्या, मोबाइलमध्ये काहीबाही केलं. काही उपयोग झाला नाही. तो पुण्याला गेला तेव्हा बापलेकांत बोलणं जेमतेम होतं.

थंडीत जुनी मशीन दुरुस्त होऊन परत आली. दुकानदाराने सगळी बटणं मधोमध आणून ठेवली होती. यांनी ती आपल्या जागी फिरवली आणि दोन-तीन दिवस घरात राजासारखे वागले. मग मीच म्हटलं, एकदाचा निकाल लावू. मुलाचं मन राखायला मला तो निकाल हवा होता आणि यांची थोडी खोडही जिरवायची होती. यांच्या भजन मंडळातले पेटीमास्तर यांचे जुने दोस्त. सुराला पक्का माणूस, आणि तोंडावर खोटं बोलता येत नाही असा. त्यांना रविवारी दुपारी जेवायलाच बोलावलं. जेवण झाल्यावर दोन्ही मशिनी टेबलावर शेजारी ठेवल्या, पुढून चादर लावली आणि चादरीमागे मी बसले. कोणती लावते ते सांगायचं नाही, त्यांनी ओळखायचं. स्पीकर तेच, गाणं तेच. वायरी कशा बदलायच्या ते मुलाने मला फोनवर शिकवलं होतं.

आधी नवी लावली. पेटीमास्तर म्हणाले, "वा! वा! काय सफाई आहे, भाऊ."

हे म्हणाले, "नवी. पोचट."

बरोबर होतं. मग जुनी लावली, यांनी बटणं ठेवली होती तशीच. गाणं सुरू झालं आणि चादरीच्या फटीतून मला दिसलं, पेटीमास्तरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"वहिनी, बंद करा जी! पत्र्यावर खिळा घासल्यावानी वाजून राहिलं हे!"

आणि हे डोळे मिटून, मान डोलवत, तृप्त. "हां! आता दाना भरला. ही माही मशीन."

मी बटणांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. ट्रेबलचं बटण उजवीकडे पार शेवटाला टेकलं होतं, पुढे जायला जागाच नव्हती. बंदी असूनही मी ते हळूच मधे आणलं. दुसरं काही केलं नाही. मशीन तीच, गाणं तेच. तिचा आवाज एकदम मऊ, गोल झाला. नव्यापेक्षा जरा जाड, पण इतका गोड की मलाच नवल वाटलं. ही बया अशी गाते? पेटीमास्तरांनी कानांवरचे हात काढले आणि मान हलवली.

हे डोळे न उघडता म्हणाले, "परत नवी लावली ना? पोचटच आहे."

पेटीमास्तरांनी चादरीकडे पाहिलं. मी चादर बाजूला केली. जुन्या मशीनचे काटे डोलत होते. यांनी डोळे उघडले, काट्यांकडे पाहिलं, मग माझा हात कोणत्या बटणावर आहे ते पाहिलं. मिलमध्ये जन्म काढलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हंजे कानच पोचट झाले," ते म्हणाले. हसले पण. पेटीमास्तर हसले नाहीत. सुपारी न खाताच निघून गेले.

पुढचे काही दिवस यांनी मशीन लावली नाही आणि डॉक्टरचं नावही काढू दिलं नाही. शेवटी पेटीमास्तरच गाडी घेऊन आले आणि आम्हाला भंडाऱ्याला घेऊन गेले. डॉक्टर मुलगीच होती, आमच्या मुलाच्या वयाची. तिने यांना काचेच्या खोलीत बसवून कानाला आवाज ऐकवायची बोंडं लावली आणि कागदावर रेघ काढून दाखवली. जाड आवाजांपाशी रेघ सरळ होती, बारीक आवाजांपाशी आली आणि धाडकन खाली गेली.

"मिलमध्ये कानाला काही लावत होते का, काका?"

"दुपट्टा बांधत होतो ना. कोंडा उडते."

"कोंड्यासाठी नाही. आवाजासाठी."

"आवाजाले काय बांधतेत?" त्यांनी खरंच विचारलं.

तिने समजावलं. गेलेलं परत येत नाही. बारीक आवाज आधी जातात, पक्ष्यांचे, लहान मुलांचे, बायकांचे. माणूस समोर असला की ओठांवरून, चेहऱ्यावरून भागतं. मग तिने विचारलं, "घरात कोणाचं बोलणं ऐकू येत नाही?"

यांनी अंगठ्याने माझ्याकडे दाखवलं. "हिचं. लय वर्षं झाले."

मला तिथेच, त्या पोरीसमोर रडू फुटलं. रडू कसलं, संताप! "वर्षं झाली? अन् मले सांगता नाई आलं? मी भिंतीशी बोलत होती का इतके दिवस?"

ते माझ्या तोंडाकडे नीट बघत होते. "सांगतलं असतं तं तू मोठ्यानं बोलली असतीस," ते म्हणाले. "साऱ्या मोहल्ल्याले समजलं असतं. मंग लोकं कीव करतेत. तुह्या तोंडावरून समजून जाये मले, भांडून राहिली का सांगून राहिली. बाकी हो हो म्हणत होतो."

डॉक्टरने कानात घालायचं यंत्र दिलं. आणि एक अट घातली. मोठ्या आवाजात गाणं बंद. ट्रेबल शेवटपर्यंत फिरवून ऐकत राहिलात तर उरलेलंही जाईल, मग यंत्रही कामाचं नाही. यंत्र लावून हळू आवाजात ऐका, ती म्हणाली. आम्ही घरी येऊन तेही करून पाहिलं. आधी जुनी, मग नवी. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा असा झाला की मीच उठून बटण बंद केलं. "टिनाच्या डब्यात कोणी रडून राहिलं असं वाटते," ते म्हणाले. यंत्र बोलण्यासाठी बनवलेलं, त्याला गाणं काय कळणार? म्हणजे दोन वाटा उरल्या. यंत्र काढून मशीन मोठ्याने लावायची, असेल तोवर गाणं ऐकायचं आणि मग कायमचं बहिरं व्हायचं. नाहीतर गाणं सोडायचं आणि माणसांचं बोलणं राखायचं.

मला म्हणायचं होतं, की ऐका तुम्ही गाणं, एवढं एकच तर सुख आहे तुम्हाला. पण माझ्या तोंडून ते निघालं नाही. मलाही कोणीतरी ऐकायला हवंच होतं.

एका सकाळी मी उठले तर यांनी जुन्या मशीनची पिन काढून वायर गुंडाळून ठेवली होती. कानात यंत्र होतं. नवी पेटीमास्तरांना भजन मंडळासाठी देऊन टाकली. मुलाला फोन करून सांगितलं, "तुही मशीन चांगली होती, बेटा." तिकडून तो काय म्हणाला ते त्यांना ऐकू आलं असावं, कारण फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीशी उभे होते.

आता संध्याकाळी, गाण्याच्या वेळेला, ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसतात. टीव्ही लावत नाहीत, मोबाइल बघत नाहीत. मान जरा तिरपी करतात आणि म्हणतात, "हं, बोल."

काय बोलू? सारा जन्म मी भांडले की हा माणूस माझं ऐकत नाही. आणि आता तो सगळं सोडून ऐकायला बसला आहे, तर मला काही सुचत नाही. ज्या वेळी त्या खोलीत एकेक सूर वर चढत जायचा, त्या वेळी मी सांगते की नळ आज उशिरा आला, शेजारणीच्या सुनेने काय केलं, गॅस संपत आला. ते एकेक शब्द ऐकतात, मधे नीट प्रश्नही विचारतात. माझा जीव लाजेने अर्धा होतो. यासाठी सोडलं यांनी गाणं?

काल तर काहीच सुचेना. ते वाट बघत होते. शेवटी मी म्हणाले, "आज वांगी आणली. लहान लहान आहेत."

"हो का?" ते म्हणाले, आणि खुर्ची आणखी जवळ घेतली. "अन् मंग?"