बादशाहची पाठ आणि निकमसाहेबांचा केक

“डॉक्टर, एवढंच सांगा. हे खारीनं केलंय की नाही?”

निकमसाहेब माझ्या टेबलापलीकडे उभे होते. टेबलावर कासव होतं. ते त्यांचं नव्हतं, शेजारच्या रेहाना आपांचं होतं. आपा स्टुलावर बसून त्याच्या पाठीवर रुमाल धरून होत्या.

मी जनावरांची डॉक्टर. सुरुवातीची वर्षं पारनेरकडच्या गाईम्हशींत गेली. हे घडलं तेव्हा सावेडीत माझं क्लिनिक होतं, आणि त्याचा गाळा निकमसाहेबांचा होता. साहेब पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, आता कॉलनीचे चेअरमन. रेहाना आपा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायच्या. नवरा गेल्यावर मुलानं पुण्याहून दोन कासवं आणून दिली, बादशाह आणि राणी. सल्काटा जातीची, म्हणजे आफ्रिकेतली, जमिनीवर राहणारी. आपल्याकडचं चांदण्यांची पाठ असलेलं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. ही परदेशी जात नोंदणी करून ठेवता येते, आणि आपांनी ती केली होती.

मी रुमाल बाजूला केला. पाठीची मागची कड कुरतडलेली होती आणि त्यातून रक्त येत होतं. लोकांना कासवाची पाठ म्हणजे दगडी ढाल वाटते. तसं नाही. ते जिवंत हाड आहे, त्याला दुखतं.

आधी खुणा पाहिल्या. कावळा टोचतो, त्यानं खड्डे पडतात. मुंगसाच्या सुळ्यांनी भोकं पडतात. इथे बारीक, जोडीजोडीनं पडलेले चरे होते. कुरतडणाऱ्या प्राण्याचे पुढचे दात.

“आपा, हे कधी झालं?”

“भर दुपारी. मी कपडे वाळत घालत होते. पाहिलं तर खार त्याच्या पाठीवर बसलेली. हे बिचारं पाय आत ओढून गप्प.”

म्हणजे खारच. असं क्वचित होतं, पण होतं. खारीचे दात सतत वाढतात. ते झिजवायला तिला कठीण काहीतरी लागतं, आणि हाड मिळालं तर ती हाडही कुरतडते.

“झालं तर!” साहेबांनी टेबलावर थाप मारली. “माझे चिक्कू खाल्ले तेव्हा कोणी ऐकलं नाही. उद्या मीटिंग आहे. तुम्ही फक्त उभं राहून सांगायचं, खारी धोकादायक आहेत म्हणून. औषध टाकायचं मी बघतो.”

औषध म्हणजे उंदीर मारायचा विषारी केक.

“मी असं सांगणार नाही,” मी म्हटलं.

“गाळा कुणाचाय, विसरलात काय?”

“नाही विसरले. तरी सांगणार नाही.”

ते निघून गेले. मी जखम धुतली, मलम लावलं आणि आपांना सांगितलं की जखम कोरडी होईपर्यंत बादशाहला घरात ठेवा. उघड्या जखमेवर माशी बसली तर अळ्या पडतात. मग त्यांच्या बागेत गेले. कासवं मोकळ्या गवतावर फिरायची. शेजारीच पाटावर शेंगदाणे पसरलेले.

“हे कुणासाठी?”

“खारींसाठी,” आपा म्हणाल्या आणि एकदम ओशाळल्या. “मीच बोलावलं की हो त्यांना.”

“बोलवा ना. फक्त पंगत लांब मांडा.”

दाणे बागेच्या दुसऱ्या टोकाला गेले. कासवांसाठी लोखंडी अँगलची चौकट करायला सांगितली. चारी बाजूंनी आणि वरूनही बारीक वेल्डमेश जाळी. खाली ती वीतभर जमिनीत पुरायची, कारण घूस उकरून आत शिरते. वर पत्रा ठोकायचा नाही, कासवाच्या हाडांना ऊन लागतं. एका कोपऱ्यात सावलीची लाकडी पेटी, संध्याकाळी दार लावता येईल अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपांचा फोन आला. “डॉक्टर, साहेबांच्या आणि माझ्या मधल्या भिंतीवर निळी वडी ठेवलीय. एक खाली गवतात पडलीय. राणी तिच्याकडेच चालली होती.”

मी जाऊन दोन्ही वड्या पिशवीत घातल्या आणि तीच पिशवी घेऊन मीटिंगला गेले. कॉलनीच्या मंदिरासमोरच्या मंडपात सगळे जमले होते. साहेब बोलत होते. मी पिशवी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

“हे कुणी ठेवलं?”

“मी ठेवलं. माझी भिंत हाय!” साहेब चिडले की गावाकडची बोली बाहेर यायची.

“भिंत दोघांची आहे. आणि केकला कळतं का, कुणी खायचं ते? यानं रक्त गोठणं बंद होतं. खारीचंही, कासवाचंही, आणि तुमचा कुत्रा टायसन रोज त्याच भिंतीखाली हुंगत फिरतो, त्याचंही.”

“मग ती कासवं काढा! जंगली जनावर पाळलंय. फॉरेस्टवाल्यांना बोलावतो.”

रेहाना आपा उठल्या. आयुष्यभर वर्गात बोललेला आवाज. “बोलवा. आत्ता फोन लावा. माझी कासवं कायद्यानं आहेत. त्यांना तुमच्या वड्याही दाखवते. कासवाचं दुखणं माझं आहे, निकमसाहेब. त्याच्या नावावर कुणाला मारायचं नाही.”

मग मागच्या रांगेतून निकमवहिनी उठल्या. “पुडा कपाटात आहे,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मी आणून देते. टायसनला काय झालं तर तुमी बघणार हाय का?” आणि खरंच घरी जाऊन उरलेला पुडा माझ्या हातात आणून ठेवला.

विषय तिथेच संपला. चौकट उभी राहिली. पहिल्या दिवशी खारी जाळीवरून धावल्या, खाली डोकावल्या आणि दाण्यांकडे गेल्या. बादशाहची जखम हळूहळू भरली. कडेची खाच मात्र राहिली, ती जन्मभर राहील.

करार संपल्यावर साहेबांनी गाळा रिकामा करायला लावला. मी पुढच्या गल्लीत गेले. जागा लहान आहे, पार्किंग नाही, पेशंट येतात.

बागेत कासव ठेवणार असाल तर पहिल्याच दिवशी वरूनही जाळी घाला आणि पाखरांचे, खारींचे दाणे लांब टाका. कोणी मदत म्हणून विष घेऊन आलं, तर दारातच नाही म्हणा. चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणा.