ठिपकूचे न काढलेले तेरा भाग

ठिपकू आठवतो का? नाही? मग तुमच्या घरी तेव्हा टीव्ही नसणार. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी लागायचा. कागदावर सांडलेल्या शाईचा एक थेंब, त्याला काड्यांचे दोन पाय, आणि आवाज असा की चार वर्षांचं पोर आत्ताच झोपेतून उठून बोलतंय. सव्वीस भाग दाखवले. लोकांना वाटायचं, मुंबईच्या कुठल्या तरी शाळेतलं पोर असेल. अहो, कसलं पोर! तो आवाज आमच्या भागुबाईचा होता. दिंडोरीकडची बाई, वय बेचाळीस, स्टुडिओत झाडायला आणि चहा करायला ठेवलेली.

मी खंडेराव, त्या स्टुडिओत आवाज रेकॉर्ड करायचो. शरणपूर रोडला एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या, एवढाच आमचा स्टुडिओ. माझं डोकं तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे झालं त्यात या डोक्याचा वाटा मोठा आहे.

भागुबाईनं फोन उचलला की पलीकडचा माणूस म्हणायचा, "बाळा, घरात मोठं कोणी आहे का?" ती म्हणायची, "मीच मोठी हाय." आम्ही पोट धरून हसायचो. द्राक्षबागेत पाखरं हाकलायच्या कामावरून तिला काढलं होतं म्हणे, कारण तिच्या ओरडण्यानं एक पाखरू उडेल तर शपथ. ठिपकूसाठी तीसेक पोरं ऐकून झाली, एकाचंही जमेना. तेवढ्यात ही चहा घेऊन आत आली आणि म्हणाली, "साखर कमी पडलीय, कोनी वरडू नका." डायरेक्टर खुर्चीतून उठलाच. झालं, ठिपकू सापडला.

तिला वाचता येत नव्हतं. म्हणून एकेक वाक्य मी म्हणायचो, तेच ती ठिपकू होऊन म्हणायची, आणि नंतर माझा आवाज मी टेपमधून ब्लेडनं कापून टाकायचो. कार्टूनमध्ये आवाज आधी भरतात, चित्रं मागाहून त्या आवाजावर काढतात. म्हणजे ठिपकू आधी नुसता बोलायचा. दिसायला लागायचा चार-सहा महिन्यांनी. भागुबाईला याची भारी गंमत वाटायची. "अंग नाय अन् बोलतंय," ती म्हणायची, "आमच्याकडं अशाला येगळं नाव हाय, दादा."

सत्त्याण्णव साली पुढचे तेरा भाग लिहून आले. आम्ही आवाज भरत गेलो. प्रत्येक भागाच्या शेवटी ठिपकू कागदाच्या कडेवरून उडी मारायचा आणि म्हणायचा, "येतो हं!" फक्त तेराव्या, अगदी शेवटच्या भागात तो कायमचा निघतो. म्हणून लेखकानं तिथं लिहिलं होतं, "जातो."

भागुबाई अडून बसली. "निघताना जातो म्हनत्यात व्हय? येतो म्हनायचं."

"अहो, ठिपका आहे तो! शाई! त्याला कसलं आलंय शुभ-अशुभ?"

"शाई त्याची असंल. आवाज माझा हाय ना? जातो म्हनून गेलेल्याला माघारी यायला तोंड ऱ्हात नाय, दादा."

तासभर हेच. शेवटी मी भडकलो. "म्हणायचं असेल तर म्हणा, नाहीतर उद्यापासून येऊ नका!" असं ओरडलो. ती म्हणाली. एकदाच, खाली बघून. त्या रागात मी माझा आवाजही कापला नाही. टेपेची स्पूल तशीच डब्यात घातली.

महिन्याभरात मालिका बंद झाली. त्या तेरा भागांची चित्रं कुणी काढलीच नाहीत. स्टुडिओला कुलूप लागलं, टेपा आणि मशीन मी घरी आणून माळ्यावर टाकलं आणि लग्नांची शूटिंगं करायला लागलो.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात भागुबाई दारात उभी. आवाज पार घोगरा, दमलेला. मी आधी ओळखलंच नाही. म्हणाली, "गळ्यातली पेटी काढाया लागंल म्हंत्यात डाक्टर. त्याच्या आधी तेवढं नीट करू, दादा. येतो म्हनून घ्या. ते जातो पुसून टाका." मला येवल्याला लग्नाला पोचायचं होतं, गाडी खाली हॉर्न मारत होती. मी म्हणालो, "कोण ऐकणार आहे ते? ऑपरेशन होऊन जाऊ द्या, मग बघू." मग बघू! बाईचा आवाजच जाणार होता, आणि मी तिला सांगतो मग बघू. माझ्यासारखा गाढव मीच.

पावसाळा संपता संपता तिची मुलगी रोशनी तिला घेऊन आली. भागुबाईच्या गळ्याभोवती पांढरा रुमाल होता. त्यामागून नुसता श्वास ऐकू यायचा. रोशनीला एकलहऱ्याला दिलेली. ती म्हणाली, "काका, आई झोपत नाही. 'जातो म्हणून बसलेय, आता मला माघारी येता यायचं नाही,' हेच धरून बसलीय. खुणा करून करून सांगते. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत. तेवढं काढा ना तिच्या जिवातून."

मला हायसं वाटलं, कारण उपाय साधा होता. आधीच्या बारा टेपांतून कुठलाही एक "येतो हं" कापायचा, तेराव्यात "जातो"च्या जागी चिकटवायचा. पाच मिनिटांचं काम. मी मशीन पुसून लावलं, दोघींना समोर बसवलं.

पहिली टेप लावली. ठिपकू काय छान बोलला! रोशनी हसली. शेवट आला, ठिपकूनं उडी मारली, आणि पुढं खरखर. "येतो हं" नाहीच. म्हटलं, असेल. दुसरी लावली. उडी, मग खरखर. तिसरी, चौथी, पाचवी. बाराच्या बारा टेपा, सगळं जागच्या जागी, फक्त शेवटचे दोन शब्द नाहीत. डब्यांवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, शेवट ओके. टेपेवरून बोट फिरवलं. कापल्याची खूण नाही, जोड नाही.

"खराब झाल्या असतील," रोशनी म्हणाली. खराब होते तेव्हा अख्खी टेप होते, पोरी. दोनच शब्द वेचून नाही होत. हे मी तिला बोललो नाही. भर दुपार होती, खाली भाजीवाली मेथी मेथी ओरडत होती, आणि मी एकेक डबा उलटून पुन्हा बघत होतो. भागुबाई मात्र शांत. तिनं तेराव्या डब्यावर बोट ठेवलं.

मला ती लावायची नव्हती. तरी लावली. शेवटाजवळ माझा आवाज आला, तेव्हाचा, तापलेला: "म्हणा, जातो!"

थोडी खरखर. मग, "येते, दादा."

ठिपकू नव्हता तो. तो घोगरा, दमलेला आवाज होता, उन्हाळ्यात माझ्या दारात उभा राहिलेला. मी कधीच न भरलेला. भागुबाईचे ओठ मिटलेले होते.

"आई!" रोशनीनं तिला मिठी मारली. "काका, हे कधी भरलंत?"

"नाही भरलं," मी म्हणालो. टेप मागं घ्यायला हात पुढं केला, तर भागुबाईनं माझं मनगट धरलं आणि मान हलवली. तिच्या तोंडावर असं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. दाराशी जाऊन ती वळली, तिचे ओठ हलले. आवाज नाही, पण कळायला आवाज कशाला पाहिजे? "या, भागुबाई," मी म्हणालो. मला रडू आलं. आलं तर आलं, लाज कसली.

दिवाळीच्या आधी ती गेली. तेरावं झाल्यावर रोशनी एकटीच आली. आईचा तो आवाज एकदा ऐकवा म्हणाली. मी बाराही टेपा बाजूला ठेवल्या, शेवटची लावली.

"म्हणा, जातो!" मी टेपेतून ओरडलो. मग खरखर. मिनिट गेलं, दोन गेली. येते नाही, दादा नाही, काहीच नाही. रोशनीचा चेहरा उतरला. मी बटणाकडे हात नेला.

"आले."

चार वर्षांच्या पोराचा आवाज, ताजा, माइकच्या अगदी जवळून.

माझा हात तिथंच राहिला. रोशनीनं डोळे पुसले, उठली, आणि जाऊन दाराची कडी काढली.