तीनदा विचारणारा माणूस

मी जिवंत आहे की नाही हे बघायला एक माणूस सकाळी सात वाजता माझ्या दारात येऊन उभा राहिला, ती आमची पहिली भेट. संस्थान विलीन होऊन एक-दोन वर्षं झाली होती. मी नुकतीच कोल्हापुरात मास्तरीण म्हणून आले होते, शिवाजी पेठेत एका खोलीत राहत होते आणि तीन दिवस तापानं फणफणले होते. आदल्या संध्याकाळी पेठेतल्या दवाखान्यातून लाल मिक्श्चरची बाटली आणली होती. चाळिशीतला एक सडसडीत गृहस्थ, काळी टोपी हातात धरून, उंबऱ्याबाहेरूनच विचारत होता, "बाई, हाय न्हवं?"

"कोण पाहिजे?"

"तुमीच. हाय म्हंजे बऱ्या हाय न्हवं? पोटात आग, डोळ्यांम्होरं अंधारी, असलं काय न्हाय न्हवं?"

मी नाही म्हटलं. त्यांनी बाटली मागितली, उजेडाकडं धरली, हुंगली, परत दिली आणि गेले. मी गोधडीत शिरते न शिरते तोच पुन्हा सायकलची घंटा. "बाई, एक ऱ्हायलं. चव कडूच हुती न्हवं?" तिसऱ्यांदा आले तेव्हा मी चिडून म्हटलं, "अहो, मेले तर आधी तुम्हालाच कळवते." त्यावर ते इतके पांढरे पडले की मीच उठून त्यांना पाणी दिलं.

हे गणपतराव, त्या दवाखान्याचे कंपाउंडर. सगळी पेठ त्यांना आप्पा म्हणे. माझ्या खोलीपासून चौथं दार त्यांचं. घरात बायको ताराक्का आणि सात वर्षांची मुलगी शालू.

आप्पांचा हात बघण्यासारखा होता. औषध मोजताना ते मापाच्या काचेला डोळा भिडवत. डोसांच्या खुणांसाठी कागदाची पट्टी दुमडून कात्रीनं अशा खाचा पाडत की एक डोस दुसऱ्यापेक्षा केसभर कमी-जास्त होत नसे. मग ती पट्टी खळीनं बाटलीला चिकटवायची, बूच मारायचं, बाटली हलवायची. सगळं चोख. पण बाटली हातातून सुटून रोगी रस्त्याला लागला की आप्पांच्या डोक्यात सुरू होई, "चुकलं असंल तर?" मग सायकल काढायची आणि त्या माणसामागं जायचं. एकदा दुपारच्या उन्हात ते पार गडमुडशिंगी गावापर्यंत गेले होते, एका म्हातारीला नुसतं बघायला. म्हातारी गोठ्यात शेण काढत होती. आप्पा परत आले आणि अर्ध्या वाटेवरून पुन्हा गेले. "बघितलेली म्हातारी तीच हुती का दुसरी, तेवढं ऱ्हायलंतं," असं त्यांनी मला सांगितलं.

मी म्हटलं, "आप्पा, तुमच्या हातून आजवर एक तरी चूक झालीय का?"

"न्हाय झाली. हाताला ठाव हाय, बाई. मनाला पटत न्हाय."

घरी ते ताराक्काला विचारत, "सांग, बरोबरच दिलं असंल न्हवं?" ताराक्का पिठाच्या हातानं अंबाबाईची शपथ घेई, "बरोबरच दिलंय." दहा मिनिटांनी पुन्हा तेच. पेठेत त्यांना सगळे पापभीरू म्हणत, देवमाणूस म्हणत. मीही म्हणाले. माणूस आत जळत होता आणि आम्ही बाहेर बसून त्याच्या सज्जनपणाचं कौतुक करत होतो.

आता त्या दवाखान्याच्या डॉक्टरकडं वळते. त्याचं नाव लिहिणार नाही. भिऊन नव्हे, आप्पांच्या गोष्टीत त्याचं नाव यावं एवढी त्याची लायकी नाही. दवाखान्यात चार बडी मंडळी गप्पा मारायला बसली की तो आतल्या खिडकीकडं बघून सहज आवाज टाकी, "गणपत, मघाच्या त्या पोराला कुठली बाटली दिलीस रे?" बस्स. आप्पांचा चेहरा उतरे, टोपी घालत ते बाहेर पळत, आणि हा पाहुण्यांना म्हणे, "बघा आता, दोनदा जाऊन येतो की तीनदा." पाहुणे पोट धरून हसत. आप्पा घामानं निथळत परत आले की हा पाठीवर थाप मारून म्हणे, "जिवंत आहे ना? मग झालं तर."

माझा स्वभाव सोडून देण्याचा नाही, हे आधीच सांगते. मला कोणी दुखवलं तर मी वर्षानुवर्षं ते धुऊन-पुसून ठेवते. पण या एका बाबतीत मला आधी स्वतःचंच नाव घ्यायला हवं. कारण ज्या दिवशी खरा घात झाला, त्या दिवशी मी त्याच बाकावर बसले होते आणि हसले होते.

शाळेत ओरडून माझा घसा बसला होता, म्हणून गेले होते. माझ्या पुढं इचलकरंजीचा एक विणकर होता. मागावर रात्रपाळी, दिवसा झोप नाही, डोळे तांबारलेले. डॉक्टर कोणाशी तरी निवडणुकीच्या गप्पा मारत होता, त्या भरात त्यानं चिठ्ठी खरडली आणि खिडकीतून आत सारली. थोड्या वेळानं आप्पा चिठ्ठी घेऊन बाहेर आले. "साहेब, झोपेचं औषध इतकंच का?"

"लिहिलंय तितकंच."

आप्पा आत गेले, परत आले. "साहेब, जास्त हुतंय असं वाटतंय. इतकंच का?"

"गणपत, आला का तुझा झटका?" बाकावरची माणसं हसायला लागली. आप्पा तिसऱ्यांदा आले, हात जोडून म्हणाले, "एकदा आकडा बघा, साहेब." डॉक्टरनं चिठ्ठीकडं पाहिलंसुद्धा नाही. आमच्याकडं बघून म्हणाला, "याला विचारा, स्वतःचं नाव तरी नक्की माहीत आहे का." सगळे हसले. घसा दुखत असूनही मी हसले.

विणकर दोन दिवस उठला नाही. वाचला, पण तिसऱ्या दिवशी त्याचा भाऊ माणसं घेऊन दवाखान्यात आला. डॉक्टरनं हात झटकले. "मी बरोबर लिहून दिलं होतं. औषध यानं केलं. विचारा यालाच." भावानं आप्पांची गचांडी धरली. "तू चुकलास का?"

आप्पा म्हणाले, "चुकलं असंल."

एवढ्यावर सगळं मिटलं. ज्या माणसाला आपण दाराची कडी लावली की नाही हेही शपथेवर सांगता येत नव्हतं, तो "माझं चुकलं नाही" कसं म्हणणार? हे त्या डॉक्टरला पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच त्यानं तो प्रश्न आप्पांना विचारायला लावला. त्याच दिवशी आप्पांना काढून टाकलं.

मी तेव्हा शाळेत होते. संध्याकाळी कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच उठून त्याच्याकडं गेले आणि म्हटलं, "आप्पांनी तीनदा विचारलं होतं, मी ऐकलंय." तो म्हणाला, "बाई, तुम्हीही हसत होता. आणि चिठ्ठी कुठंय?" चिठ्ठ्या तिथं तारेला टोचून ठेवत. त्या दिवसाची तेवढी चिठ्ठी नव्हती.

आप्पा घरात बसले ते बसलेच. आधी औषधाची भीती होती, ती आता पाण्याला, पिठाला, मिठाला लागली. आपल्या हातून अन्नात काहीतरी पडेल म्हणून ते चुलीकडं फिरकेनात. शालू त्यांच्या हातानं जेवणारी पोर, ती ताट घेऊन आली की ते हात पाठीमागं घट्ट धरून भिंतीला टेकत. "आईकडं जा, बाळ. माझ्या हाताचं नगं." पोर रडत परत जाई. ताराक्का मला म्हणाली, "बाई, ह्येंची नोकरी गेली त्येचं मला काय न्हाय. लेकीला बाप ऱ्हाईना झालाय."

मग तिनंच मला त्यांची पत्र्याची ट्रंक दाखवली. आत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. ज्या औषधाची शंका फार छळे, त्याची चिठ्ठी आप्पा पुन्हा पुन्हा बघायला घरी आणत. ताराक्काला डॉक्टरी अक्षर वाचता येत नव्हतं. मी दोन दुपारी खपून विणकराची चिठ्ठी शोधून काढली. आकडा त्याच्याच अक्षरात, ठसठशीत.

मिरजेला मनाच्या आजारांचं शिकून आलेले एक तरुण डॉक्टर बसतात, असं शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं. आम्ही आप्पांना घेऊन तिथं गेलो. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, मग चिठ्ठी बघितली. "आकडाच जास्त लिहिलाय. चूक लिहिणाऱ्याची." मी म्हटलं, "मग हे आप्पांना सांगा, म्हणजे ते बरे होतील."

"नाही होणार," ते म्हणाले. "हे वेड नाही आणि सज्जनपणाही नाही, हा आजार आहे. शंका आपल्यालाही येते, पण थोड्या वेळानं सोडून जाते. यांना सोडत नाही. मग हे खात्री करायला धावतात, घटकाभर बरं वाटतं आणि पुढची शंका आणखी जोरानं येते. खाज खाजवल्यासारखं आहे." मग ताराक्काकडं वळून म्हणाले, "तुमच्या शपथेनंच ती खाज वाढलीय, बाई. शपथ बंद. पुस्तकात याचा पक्का उपाय नाही, पण मी काही माणसं अशी सुधारलेली बघितलीत. ज्याची भीती वाटते तेच रोज करायचं, आणि नंतर विचारायचं नाही, बघायचं नाही. भीती आपोआप खाली बसेपर्यंत नुसतं बसून राहायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांनी शालूला आमटी वाढली. पळीभर आमटी वाढायला त्यांना पाव तास लागला. मग ते पाटावर हात मांडीखाली दाबून बसले, घाम गळत होता. "तारा, त्यात काय पडलं असंल का?"

ताराक्का भाकरी थापत म्हणाली, "पडलं असंल की."

आप्पा पाटावरून अर्धवट उठले. "म्हंजे पोर…"

"काय व्हईल ते व्हईल. तुमी बसा."

त्या बाईची ताकद मी तेव्हा बघितली. भाकरी तिच्या हातात मधेच फाटली, पण शपथ तिच्या तोंडून निघाली नाही. शालू सगळी आमटी पिऊन खेळायला गेली. आप्पा दोन तास तसेच बसले आणि मग आश्चर्यानं म्हणाले, "कमी झालं. कुणी न सांगता कमी झालं." असं रोज चाललं. मधे वाईट आठवडे आले, एकदा तर पुन्हा सायकल काढून विणकराला बघायला निघाले होते, ताराक्कानं चाकातली हवा सोडली. सहा-सात महिन्यांनी बाप-लेक एका ताटात जेवायला लागले.

मी इकडं दात-ओठ खात होते. एक दिवस चिठ्ठी आप्पांपुढं ठेवून म्हटलं, "चला माझ्याबरोबर." त्यांनी चिठ्ठी उघडली नाही. "एकदा बघितली की पुन्यांदा बघू वाटंल," म्हणाले. पण टोपी घातली.

दवाखाना भरलेला होता. आप्पांनी चिठ्ठी डॉक्टरच्या टेबलावर ठेवली आणि तिच्यावरचा हात न काढता म्हणाले, "साहेब, हे तुमचं अक्षर. मी तीनदा इचारलंतं."

डॉक्टरचा चेहरा क्षणभर पडला. मग तो जुनं हसू हसला. "गणपत, खात्री आहे तुझी?"

सगळा बाक कान देऊन ऐकत होता. आप्पा म्हणाले, "न्हाय. मला खात्री कशाचीच न्हाय, साहेब. पर आता खात्री नसली तरी बोलाय येतंय मला." चिठ्ठी उचलून त्यांनी माझ्या हातात दिली आणि मागं न बघता पायऱ्या उतरले.

त्यांचं तेवढ्यावर भागलं. माझं भागलं नाही. मी रोज शाळा सुटली की त्या बाकावर जाऊन बसू लागले. डॉक्टरनं कोणाला चिठ्ठी दिली की मोठ्यानं विचारायचे, "साहेब, इतकंच का?" एकदा, दोनदा, तीनदा. विचारलं की मग बाकावर चिठ्ठीची हकीकत सांगायची. पेठेला असलं काही मिळालं की पेठ सोडत नाही. महिन्याभरात तालमीतले पैलवान, भाजीवाल्या, शाळेतल्या पोरांच्या आया, जो तो चिठ्ठी हातात धरून विचारी, "साहेब, इतकंच का?" तो स्वतःची चिठ्ठी पुन्हा वाचू लागला. मग दोनदा वाचू लागला. तिसऱ्यांदा वाचताना मी त्याला डोळे भरून बघितलं, आणि मला गोड लागलं. वर्षाच्या आत त्यानं पेठेतला दवाखाना बंद केला.

तो बंद व्हायच्या थोडं आधी आप्पांनी मला रस्त्यात गाठलं. ते तोवर दुसऱ्या डॉक्टरकडं लागले होते. "बाई, आता सोडा त्येला."

"का सोडू? तुम्हाला सोडलं होतं त्यानं?"

"त्येच्यासाठी न्हाय सांगत. तुमी रोज तिथं जाऊन बघता न्हवं, त्येला दुखतंय का म्हणून? मीबी असाच जाऊन बघत हुतो, मानसं जित्ती हायत का."

मला राग आला. त्या दिवशी मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले.

आप्पा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटपर्यंत कंपाउंडरच होते. त्यांच्या शेवटच्या वर्षात मी त्यांच्याकडून खोकल्याची बाटली घेतली आणि मुद्दाम विचारलं, "आप्पा, बरोबर आहे ना?" ते टोपी सारखी करत म्हणाले, "असंल की, बाई. घ्या." मी हुंगून न बघता प्यायले.

चिठ्ठी माझ्याकडंच राहिली. कपाटात, साडीच्या घडीत. तो डॉक्टरही कधीचा मेला, ती आता कोणाला दाखवायची नाही. तरी रोज सकाळी मी कपाट उघडते आणि ती जागेवर आहे ना, ते बघते. काही दिवस दोनदा बघते.